स्टेंटची कमाल किंमत: स्पर्धा असूनही चढत्या किमतींच्या बाजाराचे एक प्रकरण

राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने 13 फेब्रुवारी 2017 रोजी एक आदेश काढून स्टेंटची, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी उघडी ठेवण्यासाठी तिच्यात बसवल्या जाणाऱ्या जाळीदार नळीची, कमाल किंमत बांधून दिली. साध्या धातूच्या स्टेंटसाठी ती 7,260 रुपये होती, तर औषधाचा लेप असलेल्या आणि शरीरात विरघळणाऱ्या स्टेंटसाठी 29,600 रुपये. प्राधिकरणाच्याच आकडेवारीनुसार त्याआधी साध्या स्टेंटची सरासरी छापील किंमत 45,100 रुपये आणि औषधलेपित स्टेंटची 1,21,400 रुपये होती. म्हणजे एका प्रकारात सुमारे 84 टक्के आणि दुसऱ्यात सुमारे 76 टक्के कपात एका रात्रीत झाली. कोणत्याही वस्तूची किंमत सरकारने तीन चतुर्थांशाने खाली ओढली तर ती वस्तू बाजारातून नाहीशी होते, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवले जाते. येथे तसे घडले नाही. काही कंपन्यांनी काही उत्पादने मागे घेण्यासाठी अर्ज केले, पुरवठ्याविषयी तक्रारी झाल्या, पण स्टेंट मिळत नाही म्हणून देशभरच्या कॅथ लॅब, म्हणजे रुग्णालयांतल्या स्टेंट बसवण्याच्या खास खोल्या, ओस पडल्या नाहीत. तसे का घडले नाही आणि त्याऐवजी काय घडले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आदेशापूर्वीचा बाजार

स्टेंटला कायद्याने औषधाचा दर्जा 2005 सालीच मिळाला होता, परंतु त्यामुळे त्याची किंमत नियंत्रणाखाली आली नाही. औषध किंमत नियंत्रण आदेश, 2013 अन्वये कमाल किंमत ठरते ती अनुसूचीतल्या, म्हणजे त्या आदेशाला जोडलेल्या यादीतल्या, औषधांची. अनुसूचीबाहेरच्या औषधांची छापील किंमत वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, एवढेच बंधन असते. मात्र नवे उत्पादन बाजारात आणताना त्यावर पहिली किंमत कोणती छापावी, याला मर्यादा नाही. त्यामुळे वाढीवरच्या बंधनाचा अर्थ व्यवहारात असा झाला की आरंभीची किंमतच चढी ठेवावी. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात एका वकिलाने जनहित याचिका दाखल केली, जुलै 2016 मध्ये स्टेंटचा राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत समावेश झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तो किंमत नियंत्रण आदेशाच्या अनुसूचीत आला. फेब्रुवारीतील आदेश हा या क्रमाचा शेवटचा टप्पा होता.

या बाजारात मक्तेदारी नव्हती, हे आरंभीच लक्षात घ्यायला हवे. अ‍ॅबट, मेडट्रॉनिक आणि बोस्टन सायंटिफिक या बहुराष्ट्रीय कंपन्या होत्या, तसेच सुरतची सहजानंद आणि वापीची मेरिल यांसारखे देशी उत्पादकही होते. विक्रेते मोजके, प्रत्येकाचे उत्पादन थोडेफार वेगळे आणि प्रत्येकाचा आपापल्या ग्राहकवर्गावर काही ताबा, अशा रचनेला अल्पाधिकार म्हणतात. अशा बाजारात किंमत सीमांत खर्चाच्या, म्हणजे आणखी एक नग बनवण्याच्या खर्चाच्या, वर राहते, पण प्रतिस्पर्ध्यांच्या धाकाने फार वर जात नाही, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. स्टेंटच्या बाबतीत मात्र प्रतिस्पर्धी वाढूनही छापील किंमत उतरली नाही. प्राधिकरणाने साखळीतील प्रत्येक टप्प्याचे हिशेब मागवले, तेव्हा सर्वांत मोठा नफा रुग्णालयांच्या टप्प्यावर आढळला आणि तो कमाल 654 टक्क्यांपर्यंत होता. आदेशाच्या भाषेत ही डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील माहितीच्या विषमतेवर चालणारी, अपयशी ठरलेली बाजारव्यवस्था होती.

याचे कारण खरेदीच्या रचनेत आहे. स्टेंट रुग्णाच्या शरीरात जातो आणि त्याचे पैसे रुग्ण देतो, पण कोणता स्टेंट हे तो ठरवत नाही. निवड डॉक्टर करतो, खरेदी रुग्णालय करते आणि छापील किंमत रुग्णाच्या बिलात उतरते. कॅथ लॅबच्या टेबलावर पडलेल्या माणसाच्या मागणीला लवचीकता जवळजवळ नसते, म्हणजे किंमत वाढली म्हणून ती घटत नाही, आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकाला दोन ब्रँडमधला फरक तपासण्याचे साधनही नसते. अशा वेळी उत्पादकांची चढाओढ रुग्णाला स्वस्त देण्यासाठी होत नाही. ती होते रुग्णालयाला अधिक नफा सोडण्यासाठी. समजा, दोन कंपन्यांचे स्टेंट रुग्णालयाला सारख्याच किमतीला पडतात. एकावर 80,000 रुपये छापले आहेत आणि दुसऱ्यावर 1,20,000. शेल्फवर दुसराच येईल, कारण त्यात रुग्णालयाला 40,000 रुपये अधिक आहेत. पहिल्या कंपनीला टिकायचे असेल तर तिनेही छापील आकडा वाढवला पाहिजे. स्पर्धा आहे, तीव्र आहे, पण तिचे तोंड उलट्या दिशेला आहे.

एकच स्टेंट वेगवेगळ्या खरेदीदारांना किती वेगळ्या किमतीला मिळत होता, हाही याचाच पुरावा आहे. केंद्रीय सरकारी आरोग्य योजना आपल्या लाभार्थींसाठी स्टेंटच्या परताव्याची कमाल मर्यादा ठरवून देत असे आणि ती खुल्या बाजारातील छापील किमतींच्या मानाने बरीच कमी होती. तरीही कंपन्या त्या दराने पुरवठा करत होत्या. ज्याच्या हाती सौदा करण्याची ताकद होती त्याला खर्चाच्या जवळची किंमत मिळत होती आणि ज्याच्याकडे ती नव्हती तो छापील आकडा मोजत होता. असा भावभेद करता येणे हे बाजारसत्तेचे, म्हणजे किंमत स्वतः ठरवण्याच्या ताकदीचे, सर्वांत सोपे लक्षण आहे.

कमाल किमतीचे गणित

पूर्ण स्पर्धेच्या बाजारात कमाल किंमत समतोल किमतीच्या खाली बांधली की पुरवठा घटतो आणि टंचाई होते. अपूर्ण स्पर्धेत हा निष्कर्ष तसाच लागू होत नाही, हे एका लहानशा उदाहरणातून दिसते. त्यातले आकडे काल्पनिक आहेत आणि त्यांचा स्टेंटच्या रुपयांशी संबंध नाही. किंमत 100 असेल तर मागणी शून्य आणि किंमत एकाने उतरली की मागणी एकाने वाढते, असे धरू. उत्पादनाचा खर्च प्रत्येक नगाला 20 आहे. एकटाच विक्रेता असेल तर तो किंमत 60 ठेवून 40 नग विकेल, कारण त्याचा नफा तेथे सर्वाधिक म्हणजे 1,600 होतो. आता कमाल किंमत 40 बांधली, तर पुरवठा घटत नाही, उलट 60 नगांपर्यंत वाढतो. किंमत चढी ठेवण्यासाठी माल कमी विकावा, या युक्तीचा आता त्याला उपयोग उरलेला नसतो. कमाल किमतीचे हे छत जसजसे 20 कडे सरकते तसतशी विक्री वाढत 80 नगांपर्यंत जाते. 20 च्या खाली गेल्यावर मात्र विक्रेता बाजार सोडून जातो. म्हणजे 60 आणि 20 यांच्या मधल्या संपूर्ण पट्ट्यात कमाल किंमत वस्तू स्वस्तही करते आणि अधिक लोकांपर्यंतही पोचवते. धोका आहे तो पट्ट्याच्या खालच्या कडेला, आणि ती कड नेमकी कोठे आहे हे नियंत्रकाला विक्रेत्याच्याच हिशेबांवरून ओळखावे लागते.

स्टेंटच्या साखळीत एक विक्रेता नाही, एकावर एक असे दोन आहेत. वरच्या उदाहरणात उत्पादक आणि रुग्णालय या दोघांनाही आपापल्या जागी सत्ता आहे असे धरले, तर उत्पादक रुग्णालयाला 60 ला विकेल, रुग्णालय त्यावर आपला नफा चढवून रुग्णाला 80 ला विकेल आणि फक्त 20 नग खपतील. दुहेरी नफ्याची ही साखळी एकाच मक्तेदारापेक्षा रुग्णाला महाग पडते आणि गंमत म्हणजे विक्रेत्यांनाही ती तोट्याची असते, कारण उत्पादकाचे 800 आणि रुग्णालयाचे 400 मिळून 1,200 होतात, तर एकटा मक्तेदार 1,600 कमावत होता. आता रुग्णाच्या टोकाला कमाल किंमत 50 बांधली तर विक्री 20 वरून 50 नगांवर जाते आणि साखळीचा एकूण नफा 1,500 होतो, म्हणजे नियंत्रणाआधीपेक्षा अधिक. तो कोणाच्या खिशात जातो हे लगाम कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते. उत्पादकाचे वजन जास्त असेल तर तो रुग्णालयालाही 50 लाच विकेल आणि सगळा नफा घेईल. रुग्णालयाचे वजन जास्त असेल तर ते 20 च्या आसपास खरेदी करून सगळा नफा स्वतःकडे ठेवील.

प्रत्यक्षातली कमाल किंमत या उदाहरणातल्यापेक्षा कितीतरी कठोर होती आणि साखळीचा एकूण नफा वाढला असे मुळीच म्हणायचे नाही. पण नियंत्रणानंतरच्या घडामोडी समजण्यासाठी हे शेवटचे निरीक्षण महत्त्वाचे आहे: अंतिम किमतीवरचे छत साखळीतल्या नफ्याची वाटणी ठरवत नाही. ती आधीच्या सत्तासंबंधांवरच सोपवली जाते.

छताखाली काय बदलले

प्राधिकरणाने कमाल किंमत काढताना साखळीच्या वरच्या टोकाच्या किमती पायाभूत धरल्या आणि व्यापारी नफ्यासाठी 8 टक्के धरले. इतर औषधांसाठी वापरले जाणारे सूत्र वेगळे आहे: बाजारात 1 टक्का किंवा त्याहून अधिक वाटा असलेल्या ब्रँडची किरकोळ विक्रेत्याला पडणारी किंमत घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि तीत 16 टक्के नफा मिळवायचा. ज्या बाजारात किमतीच फुगलेल्या आहेत तेथे खालच्या टोकाच्या किमतींची सरासरी काढणे म्हणजे फुगवट्याला सरकारी शिक्का देणे होय. त्यामुळे साखळीत वर जाण्याचा निर्णय माझ्या मते बरोबर होता. तथापि त्या 8 टक्क्यांचा अर्थ अनेकांनी चुकीचा लावला. ते कमाल किंमत काढण्याच्या हिशेबातले गृहीतक होते. रुग्णालयाने 8 टक्क्यांहून अधिक मिळवू नये अशी मर्यादा त्याने घातली नाही. एखाद्या रुग्णालयाने औषधलेपित स्टेंट 15,000 रुपयांना विकत घेतला आणि रुग्णाला 29,600 ला लावला, तर आदेशाचा भंग होत नाही.

येथेच या प्रकरणाचा गाभा आहे. आदेशापूर्वी रुग्णालयाचा लाभ छापील किंमत वाढण्यात होता. आदेशानंतर सर्व औषधलेपित स्टेंटची विक्री किंमत एकाच छताला टेकल्यामुळे वरच्या बाजूला काही मिळवण्यासारखे उरले नाही, आणि नफा वाढवायचा एकच मार्ग राहिला, तो म्हणजे खरेदी स्वस्तात करणे. लाभाची ओढ तीच राहिली, तिची दिशा मात्र फिरली. उत्पादकांमधली चढाओढ छापील आकडा वाढवण्याऐवजी रुग्णालयाला कमी किमतीत माल देण्याकडे वळली, आणि त्या शर्यतीत कमी खर्चात उत्पादन करणाऱ्या देशी कंपन्या साहजिकच पुढे होत्या. चढ्या किमतीच्या आयात स्टेंटचे जुने आकर्षण, म्हणजे त्यातला रुग्णालयाचा मोठा हिस्सा, संपले होते.

रुग्णाला या नव्या चढाओढीतून मिळाले ते फक्त छत. छताखाली खरेदी किंमत कितीही घसरली तरी त्यातला पैसाही त्याच्यापर्यंत पोचण्याची यंत्रणा नव्हती. कमाल किंमत ही अल्पाधिकारात विक्रेत्यांना एकमेकांशी न बोलता जुळवून घेण्याची खूण बनते, हा अनुभव इतर क्षेत्रांतही आहे. जो स्टेंट नियंत्रण नसते तर 20,000 ला विकावा लागला असता तोही 29,600 च्या जवळ सरकतो. अर्थात आदेशापूर्वीच्या सरासरीशी तुलना केली तर रुग्णाची बचत फार मोठी होती, हे विसरून चालणार नाही. ज्यांनी हा आदेश ‘काहीच बदलला नाही’ म्हणून मोडीत काढला त्यांनी बिलातली एकच ओळ वाचली नाही, आणि ती स्टेंटचीच होती.

दुसऱ्या ओळींकडे मात्र पैसा सरकला असण्याची शक्यता प्राधिकरणाच्या स्वतःच्याच पुढच्या कामातून दिसते. अँजिओप्लास्टीत स्टेंटबरोबर बलून, गाइड वायर आणि कॅथेटरही लागतात आणि या साधनांच्या किमतींवर प्राधिकरणाला नंतर लक्ष ठेवावे लागले. फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांच्या बिलांचे विश्लेषण त्याने प्रसिद्ध केले, त्यात औषधे, उपकरणे आणि एकदा वापरून टाकायच्या वस्तू यांवरचा नफा 1,737 टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. ती बिले केवळ हृदयरोगाची नव्हती, म्हणून स्टेंटच्या आदेशाचा तो थेट परिणाम म्हणता येणार नाही. पण रुग्णालय एकाच रुग्णाला अनेक वस्तू आणि सेवा एकत्र विकत असेल, तर त्यांतल्या एकीवरच छत घातल्याने त्याची बाजारसत्ता नष्ट होत नाही आणि उरलेल्या वस्तूंवर ती वापरण्याची मोकळीक त्याच्याकडे राहते, एवढे त्या आकड्याने स्पष्ट केले.

गुणवत्तेचा प्रश्न

एकाच छतावरचा सर्वांत गंभीर आक्षेप गुणवत्तेचा होता. नव्या पिढीचा औषधलेपित स्टेंट, जुन्या पिढीचा औषधलेपित स्टेंट आणि शरीरात विरघळून जाणारा स्टेंट या सर्वांना 29,600 चीच मर्यादा लावली, तर नवीन तंत्रज्ञान आणण्यात कोणाला रस राहील, असे कंपन्या विचारत होत्या. सिद्धांताच्या दृष्टीने हा आक्षेप योग्य आहे. अपूर्ण स्पर्धेत विक्रेता किमतीबरोबर गुणवत्ताही निवडतो, आणि किमतीला छत घातले की गुणवत्ता कमी करून खर्च वाचवणे हा त्याच्यासमोरचा सहज मार्ग असतो. एप्रिल 2017 मध्ये अ‍ॅबटने आपले झायन्स अल्पाइन आणि अ‍ॅब्झॉर्ब हे दोन स्टेंट भारतातून मागे घेण्यासाठी अर्ज केला, मेडट्रॉनिकनेही आपल्या एका नव्या स्टेंटसाठी तशीच परवानगी मागितली. प्राधिकरणाने ती तत्काळ दिली नाही. अनुसूचीतील औषधाचे उत्पादन थांबवायचे असेल तर कंपनीने सहा महिने आधी सूचना द्यावी लागते, आणि सरकारने आदेश निघाल्यानंतर लगेचच नियंत्रण आदेशातील तरतूद वापरून उत्पादन आणि पुरवठा चालू ठेवण्यास सांगितले होते. बाहेर पडण्यावरच्या या बंधनाविना छत कितपत टिकले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पुरवठादार मोजके असतील तर त्यांच्यातल्या एकाने जाण्याची नुसती धमकी देणे हेही सौद्यातले हत्यार असते.

अ‍ॅब्झॉर्बची कथा या आक्षेपाला एक अनपेक्षित वळण देते. विरघळणारा हा स्टेंट भारतात दोन लाखांच्या आसपास किमतीला विकला जात होता आणि ‘नव्या तंत्रज्ञानाला योग्य किंमत’ या युक्तिवादाचे ते ठळक उदाहरण होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला जुलै 2016 मध्ये मान्यता दिली होती. पण मार्च 2017 मध्ये त्याच प्रशासनाने या स्टेंटमुळे हृदयविषयक गंभीर घटनांचे प्रमाण अधिक आढळल्याबद्दल डॉक्टरांना सावध केले आणि सप्टेंबर 2017 मध्ये अ‍ॅबटने त्याची जगभरची विक्री बंद केली. यावरून सर्व महाग स्टेंट वाईट होते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. झायन्स हा प्रदीर्घ चाचण्यांतून सिद्ध झालेला स्टेंट आहे. पण ज्या बाजारात छापील किंमत रुग्णालयाला द्यायच्या हिश्शावर ठरते, तेथे चढी किंमत गुणवत्तेची खूण म्हणून वाचता येत नाही, एवढे यातून निश्चित दिसते. फेब्रुवारी 2018 मध्ये कमाल किमतींचा फेरविचार झाला तेव्हा नव्या पिढीच्या स्टेंटसाठी वेगळा वर्ग करण्याची मागणी प्राधिकरणाने मान्य केली नाही. साध्या स्टेंटची मर्यादा 7,660 रुपये झाली आणि औषधलेपित स्टेंटची 27,890 रुपयांवर उतरली.

वर्ग करण्याला प्राधिकरणाचा तत्त्वतः विरोध होता असे मात्र नाही. ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती बांधताना त्याने कोबाल्ट-क्रोमियमच्या प्रचलित सांध्यासाठी 54,720 रुपये, तर टायटॅनियम व ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्यासाठी 76,600 रुपये अशी वेगवेगळी छते ठेवली. दोन निर्णयांमधला हा फरक मला सुसंगत वाटत नाही. धातूतला फरक डोळ्यांना दिसतो म्हणून मान्य करायचा आणि स्टेंटच्या पिढ्यांतला फरक चाचण्यांच्या अहवालांतून शोधावा लागतो म्हणून सोडून द्यायचा, हा निकष प्रशासनाच्या सोयीचा आहे. त्यावर उत्तर असे देता येईल की एक वर्ग वाढला की प्रत्येक कंपनी आपला माल वरच्या वर्गात बसवण्यासाठी धडपडते, आणि दिल्या जाणाऱ्या पुराव्यांची शहानिशा करण्याइतके मनुष्यबळ नियंत्रकाकडे नसते. हे उत्तर व्यवहार्य आहे, पण त्याची किंमत चांगले उत्पादन करणारा विक्रेता चुकवतो.

कराने हे साधले असते काय

बाजारसत्तेवर उपाय म्हणून कर लावावा, असे सुचवणारे क्वचितच भेटतात, तरी करांचा विचार येथे आवश्यक आहे, कारण छत आणि कर या बाजारात एकत्र आले आहेत. वरच्या उदाहरणात प्रत्येक नगावर 10 चा कर लावला तर पूर्ण स्पर्धेत किंमत पूर्ण 10 ने वाढते. एकट्या मक्तेदाराची किंमत 60 वरून 65 होते, म्हणजे ग्राहकावर अर्धाच भार येतो. उत्पादक आणि रुग्णालय अशी दुहेरी साखळी असेल तर अंतिम किंमत फक्त 2.5 ने वाढते. यावरून मक्तेदार दयाळू असतो असे समजायचे नाही. मागणीची रेषा सरळ आहे म्हणून असे घडते. मागणीची लवचीकता सर्व किमतींना समान असेल, उदाहरणार्थ 2 (किंमत 1 टक्क्याने वाढली की मागणी सुमारे 2 टक्क्यांनी घटते), तर मक्तेदाराची किंमत खर्चाच्या दुप्पट असते आणि 10 चा कर ग्राहकाला 20 ने महाग पडतो. स्पर्धेच्या बाजारात कराहून अधिक भाववाढ होऊ शकत नाही. मक्तेदारीत ती होऊ शकते, आणि कोणता प्रकार घडेल हे मागणीच्या वक्राचा आकार ठरवतो.

उलट बाजूने, मक्तेदाराची विक्री स्पर्धेच्या पातळीवर नेण्यासाठी अनुदान द्यायचे ठरवले तर त्याच उदाहरणात प्रत्येक नगामागे 80 द्यावे लागतील आणि एकूण 6,400 तिजोरीतून विक्रेत्याच्या नफ्यात जातील. छताने जे एक रुपयाही खर्च न करता होते, ते अनुदानाने करण्यासाठी सत्ताधारी विक्रेत्यालाच बक्षीस द्यावे लागते. म्हणून किंमत नियंत्रणाचे टीकाकार ‘त्याऐवजी गरिबांना अनुदान द्या’ असे म्हणतात, तेव्हा विक्रेत्याची सत्ता जशीच्या तशी ठेवून दिलेले अनुदान कोणाकडे वाहते, याचा हिशेब त्यांनी मांडायला हवा. सरकारने स्वतः घाऊक खरेदीदार बनून दर ठरवणे ही निराळी गोष्ट आहे, आणि सरकारी आरोग्य योजनांनी ते केलेलेही आहे.

छत आणि कर एकत्र आले की कराच्या भाराचे नियमच बदलतात. प्राधिकरणाची कमाल किंमत करांव्यतिरिक्त होती. 29,600 वर 5 टक्के कर धरला की रुग्णाच्या बिलात 31,080 रुपये येत. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 रोजी लागू झाला तेव्हाही स्टेंटवरचा दर 5 टक्केच राहिला. छत नसताना विक्रेता कराचा काही भाग स्वतः सोसतो, कारण किंमत वाढवली की ग्राहक कमी होतात हे त्याला ठाऊक असते. छत बांधलेले असेल तर तो आधीच त्याला हव्या असलेल्या किमतीच्या खाली विकत असतो, म्हणून वर चढवण्याची परवानगी असलेला प्रत्येक रुपया तो चढवतो. वरच्या उदाहरणात 40 चे छत आणि त्यावर वेगळा 10 चा कर असेल तर ग्राहक पूर्ण 50 देतो आणि विक्रेत्याला 40 च मिळतात. याच मक्तेदारावर छत नसते तर ग्राहकावर फक्त 5 चा भार आला असता. छत करासह ठरवलेले असते तर मात्र संपूर्ण कर विक्रेत्यावर पडला असता. आदेशातला ‘कर वगळून’ हा एवढासा शब्दप्रयोग कराचा संपूर्ण भार कोणाच्या माथी जाईल ते ठरवून टाकतो. मात्र याच कारणाने करात कपात झाली तर तीही रुग्णापर्यंत पूर्ण पोचते, जी हमी छत नसलेल्या अल्पाधिकारात देता येत नाही.

टक्केवारीच्या नियमांनाही अशाच खाचाखोचा असतात. फेब्रुवारी 2019 मध्ये प्राधिकरणाने 42 कर्करोगविरोधी औषधांसाठी कमाल किंमत न बांधता व्यापारी नफ्यावर 30 टक्क्यांची मर्यादा घातली, आणि जून 2021 मध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी हाच मार्ग वापरून 70 टक्क्यांची मर्यादा ठेवली. साखळीतल्या नफ्याची वाटणी छत ठरवत नाही, ही स्टेंटच्या आदेशातली उणीव या मार्गाने भरून निघते, पण एक जुनी अडचण परत येते. 30 टक्के हे मोठ्या आकड्याचे घेतले तर मोठे होतात. त्यामुळे विक्रेत्याचा कल पुन्हा महाग ब्रँडकडे राहतो, आणि उत्पादकाच्या मूळ किमतीवर कोणताही अंकुश नसल्याने तिला वर सरकायला वाव मिळतो. एककावरचा (प्रत्येक नगामागे ठरावीक रुपयांचा) कर आणि मूल्यावरचा (किमतीच्या टक्केवारीने घेतला जाणारा) कर यांच्या तुलनेत मूल्यावरचा कर मक्तेदाराला किंमत चढवण्यापासून परावृत्त करतो, हा जुना निष्कर्ष येथे बरोबर उलटा होऊन समोर येतो: कराची टक्केवारी चढ्या किमतीतला वाटा काढून घेते, नफ्याची टक्केवारी तो वाटा देऊ करते. रुपयांत ठरवलेली नफ्याची मर्यादा अधिक योग्य ठरली असती.

त्यानंतरची आठ वर्षे

अनुसूचीतल्या औषधांची कमाल किंमत घाऊक किंमत निर्देशांकाशी जोडलेली असते. निर्देशांक वर्षभरात जेवढा वाढतो तेवढी वाढ एप्रिलपासून घेता येते, आणि त्यासाठी खर्च वाढल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. एप्रिल 2019 मध्ये औषधलेपित स्टेंटची मर्यादा 30,080 रुपये होती. त्यानंतर 2022 मध्ये 10.77 टक्के आणि 2023 मध्ये 12.12 टक्के, अशा लागोपाठ दोन मोठ्या वाढी झाल्या, आणि एप्रिल 2025 पासून ती 38,933 रुपयांवर पोचली. साध्या स्टेंटची मर्यादा याच क्रमाने 10,692 रुपये झाली. घाऊक किंमत निर्देशांकात इंधन, धान्य आणि रसायने यांचा समावेश असतो. स्टेंट तयार करण्याचा किंवा आयात करण्याचा खर्च त्याच्याबरोबर चालतो असे मानण्याला आधार नाही. ज्या रुग्णालयाची खरेदी किंमत उत्पादकांच्या चढाओढीमुळे स्थिर राहिली किंवा उतरली, त्याच्यासाठी छतातली प्रत्येक वाढ म्हणजे वाढलेला नफा. 2017 च्या आदेशाने रुग्णाच्या बिलात स्टेंटची किंमत स्वतंत्रपणे दाखवणे, तसेच त्याचा ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक लिहिणे रुग्णालयांना बंधनकारक केले. रुग्णालयाने तो स्टेंट किती रुपयांना विकत घेतला, हे लिहिण्याची सक्ती त्या आदेशात नव्हती.